कपाट नंबर सातची किल्ली

मला नोकरीवरून काढता येतं, पण घालवता येत नाही! हे मी छातीठोकपणे सांगते. आणि ज्या छातीवर हात ठोकून सांगते तिच्यावरच सध्या उपचार चालू आहेत, तेव्हा निदान तुमच्याशी तरी खोटं बोलणार नाही.

अंधेरीच्या एमआयडीसीत आमचं ऑफिस. कंपनी पॅकिंगची यंत्रं विकते. तिथल्या डिस्पॅच विभागात मी एकोणीस वर्षं काढली. सहा किमोंपैकी तीन झाल्या होत्या, डोक्यावरचे केस जाऊन स्कार्फ आला होता, आणि अशात एका मंगळवारी कंपनीने आमचा अख्खा विभागच बंद करून टाकला! एचआरची श्रुतिका, पंचवीस-सव्वीसची पोरगी, मला केबिनमध्ये बोलावून इतक्या हळू बोलायला लागली, की मला वाटलं टेबलाखाली कुणाचं तरी बाळ झोपलंय.

“मॅडम, कंपनी… म्हणजे डिपार्टमेंट… म्हणजे तुम्ही…”

“श्रुतिका, मोठ्याने बोल. मला कॅन्सर झालाय, कान शाबूत आहेत!”

मग तिने एका दमात सांगितलं. नोटिशीचे पैसे मिळतील, सर्टिफिकेट मिळेल, निरोपाचा केकही मिळेल.

“आणि मेडिक्लेम?”

ती टेबलावरच्या स्टेपलरकडे बघायला लागली. “क्लिअरन्स फॉर्म पूर्ण झाला, की त्या दिवशी तुमचं नाव यादीतून जातं. मेडिक्लेमही त्याच दिवशी बंद.”

बाहेर आल्या आल्या मी विमा कंपनीला फोन लावला. पाऊण तास सनई ऐकवून झाल्यावर एका पोराने माहिती दिली. कंपनीच्या पॉलिसीतून स्वतःच्या पॉलिसीत जाता येईल, आणि आजारही पहिल्या दिवसापासून धरला जाईल. पण मंजुरीचं पत्र येईपर्यंत, म्हणजे तीन आठवडे, माझं नाव कंपनीच्या यादीत हवं. ते आधीच गेलं, तर मी नवी गिऱ्हाईक. मग असलेल्या आजारासाठी तीन वर्षं थांबा.

तीन वर्षं! माझ्या गाठीला कोण सांगणार, बाई गं, जरा थांब म्हणून?

मी लगेच अर्ज केला, पण घाबरले नाही. कारण आमच्या ऑफिसचा क्लिअरन्स म्हणजे काय चीज आहे ते मला ठाऊक होतं. अकरा चौकोन, अकरा सह्या! गेल्या वर्षी रिटायर झालेले एक साहेब ग्रंथालयाच्या सहीसाठी चार महिने चकरा मारत होते. आमच्या ऑफिसात ग्रंथालयच नाहीये! म्हटलं, तीन आठवड्यांचं काय घेऊन बसलात, मी दिवाळीचा फराळही इथेच खाणार.

सगळा हिशोब चोख होता. फक्त लोकांची दया त्यात धरायची राहिली.

फॉर्म हातात घेऊन मी मुद्दाम सगळ्यात खडूस माणसाकडे आधी गेले. अकाउंट्सचे देवव्रत. हा माणूस कागदाला टाचणी तिरकी लागली तरी कागद परत पाठवतो. मला बघून तो खुर्चीतून उठला. “मॅडम, तुम्ही कशाला आलात? मला बोलवायचं ना!” आणि भिंतीवर फॉर्म टेकवून सही! आयटीवाल्याने लॅपटॉप न उघडताच सही केली. कँटीनवाल्याने सही करून वर दोन बटाटेवडे बांधून दिले. स्टोअरचा माणूस रजेवर होता, तो गोरेगावहून रिक्षाने आला!

“अरे, तुझी रजा आहे ना? राहू दे की, पुढच्या आठवड्यात कर.”

“छे छे ताई! तुम्हाला हेलपाटा नको.”

चार वाजेपर्यंत दहा सह्या! एकोणीस वर्षांत माझं एकही काम या वेगाने झालं नव्हतं. माझ्या भल्यासाठी सगळं ऑफिस मला धावत पळत दाराबाहेर पोचवत होतं. माझी वाट लागत होती, आणि मी प्रत्येकाला थँक्यू म्हणत होते!

आता एकच चौकोन उरला. कपाट नंबर सात, किल्ली परत.

हे आमचं पूजेचं कपाट. ऑफिसात दरवर्षी सत्यनारायण होतो, त्याचा चौरंग, समई, ताम्हण सगळं त्यात. मागे कधीतरी मी एकदा शिरा चांगला केला, तेव्हापासून पूजेचं खातं माझ्याकडे आलं आणि किल्लीही. त्या क्षणी ती पर्समध्ये माझ्या घराच्या किल्ल्यांना खेटून बसली होती. मी पर्स काखेत घट्ट दाबली.

“श्रुतिका, ती किल्ली ना… घरी कुठेतरी ठेवलीय. सापडत नाहीये.”

श्रुतिकाने पर्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बरं मॅडम. शोधा सावकाश.”

झकास! वाकोल्याला घरी आले आणि सगळ्यात आधी किल्ली तांदळाच्या डब्यात, पार तळाशी खुपसली. घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. आमचे हे, श्यामसुंदर, म्हणजे सरळपणाची कमाल. बसमध्ये कंडक्टर आला नाही म्हणून उतरल्यावर डेपोपर्यंत चालत जाऊन तिकीट काढणारा माणूस! आणि सासूबाईंना सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत मालवणात पोचते.

रोज सकाळी अकराला श्रुतिकाचा फोन यायचा. “मॅडम, सापडली का?”

“शोधतेय गं.”

“बरं.”

असे बारा दिवस गेले. रविवारी दुपारी बेल वाजली. दारात राजाराम, आमच्या ऑफिसचा शिपाई, हातात दोन शहाळी.

“ताई, साहेब म्हणाले, बाईंचा कागद एका किल्लीपायी अडकलाय, जा, शोधू लाग. आज किल्ली काढल्याशिवाय मी जात नाही!”

आणि त्याने सोफा उचलला! ह्यांनी लगेच दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून गादी उलटी केली, फ्रिज पुढे ओढला, सहा वर्षांपूर्वी हरवलेलं लाटणं काढलं. मी मधे उभी राहून “अहो, राहू द्या, अहो, राहू द्या” करत होते. कुणी ऐकेना.

तेवढ्यात सासूबाई पदर खोचून पुढे आल्या. वय ब्याऐंशी, आवाज अठराचा.

“अशी शोधून ती गावाची नाय. गाऱ्हाणा घालूक होया!”

देवापुढे दिवा लागला, नारळ आला. “आता थोडे तांदूळ होये,” म्हणत त्या स्वयंपाकघराकडे वळल्या आणि मी आडवी धावले.

“आई, मी आणते!”

“तू बस गो. तुका दगदग नको!”

पुन्हा दया! बारा दिवस घरात दोन वेळा भात होत होता, डबा तळाला आला होता, आणि ही गोष्ट माझ्या प्लॅनमध्ये अजिबात नव्हती. त्या वाटीभर तांदूळ घेऊन आल्या. आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो.

“बा देवा म्हाराजा! ह्या तुझा लेकरू आज अडचणीत आसा रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हे आणि राजाराम. राजाराम साताऱ्याचा, पण त्याने सूर बरोब्बर पकडला.

“तेच्या कचेरीची चावी खय पडली आसात, थयसून ती गावांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी मनात म्हणत होते, नको म्हाराजा, नको म्हाराजा! सासूबाईंनी वाटी देवापुढच्या ताम्हणात उपडी केली.

टण्ण!

पितळेची किल्ली ताम्हणात पडली आणि गोल फिरून माझ्याकडे तोंड करून थांबली.

“पावलो!” सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. “पावलो रे माझो म्हाराजा!” ह्यांनी मला मिठी मारली. राजारामने किल्ली कपाळाला लावून खिशात टाकली. “ताई, आत्ता साहेबांच्या घरी नेऊन देतो. उद्या सकाळी तुमचा क्लिअरन्स!”

“राजाराम! किल्ली खाली ठेव!”

माझाच आवाज, पण इतका मोठा की समोरच्यांचा टीव्ही बंद झाला.

“अगं, कंपनीची वस्तू आहे ती,” हे म्हणाले.

“हो, कंपनीचीच! मीच लपवली होती!” आणि मग सगळं बाहेर पडलं. यादी, पत्र, तीन आठवडे, तीन वर्षं. “अजून तीन किमो आहेत, मग ऑपरेशन. मेडिक्लेम गेला तर हे घर जाईल. मला मरायचं नाहीये, आणि तुम्हाला रस्त्यावर आणून जगायचंही नाहीये! त्यांनी एकोणीस वर्षं राबलेली बाई एका मंगळवारी काढली. मी त्यांचं एक कपाट तीन आठवडे अडवलं तर काय आभाळ कोसळतं?”

स्कार्फ घसरून खांद्यावर आला होता. मी तो तसाच राहू दिला. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी म्हटलं, आता नियम सांगणार.

सासूबाईंनी दिव्याची वात पुढे सारली.

“बा देवा म्हाराजा! मगाशी जा सांगितलय ता आमका समाजला नव्हता रे म्हाराजा! गावलली चावी परत हरवांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!!”

सगळ्यात मोठा आवाज ह्यांचा होता! डेपोत जाऊन तिकीट काढणाऱ्या माणसाचा! लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण इतकं प्रेम मला ह्यांच्याबद्दल कधी वाटलं नव्हतं.

राजारामने खिशातून किल्ली काढली, स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हाताने डब्यात टाकली आणि झाकण लावलं. “ताई, मी घर उलटंपालटं केलं. सोफ्याखाली बघितलं, फ्रिजमागे बघितलं. नाही सापडली.”

विसाव्या दिवशी विमा कंपनीचं पत्र आलं. मंजूर! पॉलिसी माझी, माझ्या नावाची, आणि कुणाच्याही मंगळवारी न संपणारी.

दुसऱ्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून, लाल स्कार्फ बांधून मी ऑफिसात शिरले आणि किल्ली श्रुतिकाच्या टेबलावर आपटली.

“ही घे! सापडली! कर आता क्लिअर!”

“अय्या, सापडली?” तिने फॉर्मवर सही केली. मला वाटलं होतं, जरा तरी चडफडेल. तेवढ्यात मागून खडखड झाली. ऑफिसची पूजा उद्यावर आली होती. राजाराम कपाट नंबर सातमधून समई काढत होता. कपाट सताड उघडं!

“अरे, किल्ली तर आत्ता आणली मी! उघडलंस कसं?”

राजारामने हातातली स्टीलची पट्टी लपवायचा प्रयत्न केला. “ताई, हे कुलूप चार वर्षं पट्टीनेच उघडतंय. तुम्ही पूजेला यायच्या आधी मी उघडून ठेवायचो, तुम्ही नुसती किल्ली फिरवायचात. म्हटलं, तुम्हाला किल्लीचं कौतुक.”

मी श्रुतिकाकडे बघितलं. तिने फाईल माझ्यापुढे सरकवली. रोजची एक ओळ, तिच्या अक्षरात. किल्लीचा शोध चालू. किल्लीचा शोध चालू. वीस वेळा!

“फाईलमध्ये रोज नोंद केली नाही, तर नाव आपोआप यादीतून निघतं,” ती म्हणाली. या खेपेला आवाज अगदी नेहमीचा. “म्हणून फोन करायचे. पहिल्या दिवशीच किल्ली पर्समध्ये वाजली होती मॅडम.”

म्हणजे माझं कारस्थान तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! घरी येऊन मी सगळं सांगितलं. “कुलूपच मोडकं होतं आई! आपलं गाऱ्हाणं फुकट गेलं.”

“फुकट कित्याक?” सासूबाई म्हणाल्या. “त्या पोरीक ऐकाक गेला मा!”

चौथी किमो सोमवारी आहे, माझ्या स्वतःच्या पॉलिसीवर. दवाखान्याने फक्त मंजुरीचं मूळ पत्र आणायला सांगितलंय. ते मी अगदी सुरक्षित जागी ठेवलंय. इतकं सुरक्षित, की काल सकाळपासून सापडत नाहीये. तांदळाचा डबा बघून झाला. ह्यांनी सोफा उचललाय, आणि सासूबाई नारळ आणायला खाली गेल्यात.