मागून पाहिलेले घड्याळ

घड्याळजींनी मधुमेहाची गोळी जिभेवर ठेवण्यासाठी हात उचलला, तोच पत्नीने त्यांचे मनगट धरले. चिमटीत गोळी नव्हती. गिऱ्हाइकाच्या घड्याळातला बटणाएवढा सेल होता. गोळी पुढच्या खोलीतल्या दुकानात, सुट्या भागांच्या बशीत, दोन स्क्रूंच्या मध्ये विसावली होती.

"अहो, आता सेलवर चालणार होतात की काय?"

मुलाला हसू आले नाही. "पंचवीस वर्षांची साखर आहे बाबांना. साखर स्मरणशक्तीलाही पोखरते, आई. डॉक्टरबाईंना दाखवू. त्या 'विसरतात' म्हणाल्या, की दुकानाची चावी माझ्याकडे. आणि दुकान बंद."

"बरं," घड्याळजी म्हणाले. खिशातल्या चावीवर मात्र त्यांची मूठ वळली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी घड्याळजींच्या बोटातले रक्त तपासले. साखर चढलेली होती. मग त्यांनी कोरा कागद पुढे केला. "आजोबा, एक घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

घड्याळजींनी चष्मा पुसला आणि पेन्सिल कागदाला टेकवली. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मुलगा खांद्यावरून डोकावला आणि त्याचा चेहरा उतरला. आकडे नव्हते. होती नुसती दातेरी चाके, एकात एक गुंतलेली, आणि टिंबाटिंबांनी काढलेले दोन काटे.

"बाबा, हे तर एकाला दहा कमी!"

मुलाने हात पसरला. घड्याळजींनी निमूटपणे चावी काढून टेबलावर ठेवली. सोबत आलेल्या पत्नीने पदर डोळ्यांना लावला.

"अरे, मागून बघतोयस तू," ते हळूच म्हणाले. "घड्याळ पुढून बघतात ती गिऱ्हाइकं."

डॉक्टरबाईंनी कागद उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. पलीकडून काटे उमटले: अकरा वाजून दहा मिनिटे, तसूभरही चूक नाही. मग डॉक्टरबाई चाकांचे दाते मोजू लागल्या आणि मध्येच थांबल्या. पंचवीस वर्षे साखरेने ज्या देहाची झीज केली, त्याच देहात हे अवघे यंत्र, एकही चाक न हरवता, अखंड फिरत होते.

"यांना दुकानातल्या मेजापाशी बसू द्या," त्या अखेर म्हणाल्या. "साखर चढली की गोंधळ होतो, आणि वर्षानुवर्षं चढीच राहिली तर स्मृतीलाही धोका असतो. म्हणून गोळी रोज आजींच्या हातून." मग हसून त्यांनी दुसरा कागद मुलाकडे सरकवला. "तुम्हीही काढून बघा."

"मी? मला काय झालंय?" मुलाने झरझर वर्तुळ काढले, बारा आकडे मांडले, लहान काटा अकरावर ठेवला आणि मोठा ऐटीत दहावर.

डॉक्टरबाईंचे हसू मावळले. "दहा मिनिटांना मोठा काटा दोनवर असतो. एका चित्रावरून काही ठरत नाही. पण रक्त कधी तपासलंत?"

"कधीच नाही."

"वडिलांना साखर आहे, तुम्ही पन्नाशीला आलात. उद्या उपाशीपोटी या."

मुलगा कागदाकडे पाहतच राहिला. घड्याळजींनी तो कागद अलगद उचलला, भिंगाखाली धरावा तसा डोळ्यांजवळ नेला आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

"घाबरू नकोस. वेळेत आणलंय. दुरुस्त होईल."