विरजणाची पाठराखीण

आमच्या घरातल्या विरजणाने शेंगदाण्याच्या दुधात एकटं जायला नकार दिला.

त्याचं काही चुकलं नाही. पोरगी पहिल्यांदा सासरी निघाली की सोबत पाठराखीण जाते. हे तर जन्मभर म्हशीच्या दुधात वाढलेलं.

पण डॉक्टरने माझ्या बायकोचं, शेवंताचं, दूध-दही बंद केलं होतं. दह्याशिवाय तिला भात जात नाही. ताट तसंच परत जायचं. बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. म्हणून सुनेने शेंगदाणे भिजवले, वाटले, गाळून दूध काढलं, उकळून कोमट केलं. विरजण चमच्यात बसेना.

मी विचारलं, "काय पाहिजे?"

"तिथं मी खायचं काय? म्हशीचं दूध गोड असतं."

"गुळाचा खडा टाकतो."

"बरं. आणि पाठराखीण?"

"सून येईल."

"ती कालची आलेली. जाणतं माणूस पाहिजे. तुम्ही चला."

"ही बायकांची कामं."

"मग राहू द्या."

मी शेवंताच्या ताटाकडे बघितलं. भातावर माशी बसली होती.

"चल," म्हणालो.

सकाळी आम्हा दोघांची ओटी भरली. दूध पुन्हा कोमट केलं, गूळ आणि विरजण टाकून पातेलं घोंगडीत गुंडाळलं. मी शेजारी पाट घेऊन बसलो. शेजारचा बब्रुवान दारात आला.

"बापू, ओटी भरली म्हणे तुमची?"

"भरली."

"कुणी?"

"तुझ्या बायकोने."

तो घरी गेला.

दुपारी घोंगडीतून आवाज आला. "आहात ना?"

"आहे."

"इथलं कुणी बोलत नाही माझ्याशी."

"नवीन आहेस. बोलतील."

दिवस कलताना ते म्हणालं, "बोलायला लागले. गुळाचं विचारत होते." मी दिवे लागेपर्यंत बसलो. उघडून बघितलं तर दही लागलं होतं.

शेवंताने दोनदा भात घेतला. ताट बोटाने पुसलं.

"शेंगदाण्याचा वास येतो जरा," म्हणाली.

"त्याच्या सासरला नावं ठेवू नकोस," मी म्हणालो.

पाठराखणीचा मान म्हणून तिने मला खण दिला. हिरवा आहे, काठ चांगला. त्याची बंडी शिवायला टाकली.

दिवाळीला विरजणाला माहेरी आणायचं आहे. म्हशीच्या दुधाचं पातेलं शेंगदाण्याच्या दह्याच्या खालच्याच फळीवर असतं. न्यायला मीच जाईन. बंडी घालून.