पाटावरचा लॅपटॉप

तेजस्वीला आत्या होऊन बारा दिवस झाले होते आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचाच होता. अडचण एवढीच, की भाची जर्मनीत, भाऊ सुजितच्या घरी, आणि आत्या बदलापुरात, मांजर्लीच्या तिसऱ्या मजल्यावर. त्यावर सुजितने तोडगा काढला होता. बाळाच्या कानाला हेडफोन लावायचा आणि तेजस्वीने लॅपटॉपसमोर नाव सांगायचं. सुरुवात बाराला, कारण एकला लोडशेडिंग. दोन हजार आठ साली वेळेवर येणारी तेवढी एकच गोष्ट होती. वीज गेली की इंटरनेटचा डबाही बंद.

तिची आई गोजरबाई हिने रीतीप्रमाणे पाट मांडला, त्यावर खण अंथरला, लॅपटॉप ठेवला आणि त्याला कुंकू लावलं. पडद्यावर पाळणा दिसला.

"अगं बाई, नाक आपल्या तेजूचं!" म्हणत गोजरबाईंनी लॅपटॉप आपल्याकडे, डावीकडे ओढला. पाळणा गेला.

तेजस्वीने तो स्वतःकडे, उजवीकडे ओढला. थोड्या वेळाने पाळणा आला. आईने पुन्हा ओढला, पुन्हा गेला.

वडील दौलतराव अंबरनाथच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. बिघाड झाला की एकेक कारण काढून टाकायचं, ही त्यांची शिस्त. त्यांनी फ्रिज बंद केला. पंखे बंद केले. इंटरनेटचा डबा हातात घेऊन खिडकीत उभे राहिले. शेवटी वहीत लिहिलं, 'गोजर जवळ, बंद. गोजर लांब, चालू.'

"धातूचा परिणाम आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "पाटल्या काढ."

गोजरबाईंनी पाटल्या काढल्या. जोडवी काढली. तरी त्यांनी लॅपटॉप जवळ ओढताच पाळणा गेलाच.

"मंगळसूत्र?"

"ते निघायचं नाही. तुमची रेंज गेली खड्ड्यात."

"मग तू आत जाऊन बस."

नातीच्या बारशाला आजीला स्वयंपाकघरात बसवणं वाईटच होतं. गोजरबाई घुगऱ्यांच्या पातेल्यापाशी जाऊन बसल्या. तेजस्वीला भरून आलं, पण घड्याळात पाऊण वाजला होता.

तेजस्वीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि पाळणा परत आला. दौलतराव बायकोच्या रिकाम्या जागी बसले आणि नीट दिसावं म्हणून त्यांनी लॅपटॉप किंचित ओढला. पाळणा गेला.

"बाबा," तेजस्वी म्हणाली, "तुम्ही कुठं पाटल्या घातल्यात?"

दौलतरावांनी चष्मा पुसला आणि पाटाला नाक लावून पाहिलं. लॅपटॉपच्या पुढच्या कडेला वायरलेस चालू-बंद करायचं एक बारीक सरकतं बटण होतं. लॅपटॉप डावीकडे ओढला की ते खणाच्या जरीत अडकून बंद व्हायचं, उजवीकडे ओढला की चालू.

त्यांनी खण काढला, बटण सरकवलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं, ये बाहेर! बटण! नुसतं बटण होतं! बटण!"

ते ओरडत असतानाच पाळणा आला. तेजस्वीने ओठ लॅपटॉपजवळ नेले, श्वास घेतला, आणि वीज गेली.

दोन मिनिटांनी सुजितचा फोन आला. "ताई, तू बोललीस का काही? हेडफोन तिच्या कानाला धरूनच बसलो होतो. आम्हाला फक्त बाबा ऐकू आले. 'बटण, बटण' करत होते. ती टकामका बघायला लागली."

तेजस्वी रडायलाच लागली. दौलतराव वहीत काही लिहायचं आहे असं दाखवत खाली मान घालून बसले.

दारात शेजारच्या रखमाबाई आल्या. "झालं का बारसं? काय नाव ठेवलं आत्यानं?"

गोजरबाई शांतपणे पाटल्या चढवत बाहेर आल्या. त्यांनी रखमाबाईंच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या आणि नवऱ्याकडे बोट केलं.

"यांना विचारा. आज आत्या हेच होते."