पंचफुलाबाईच्या विहिरीची तार

"अख्ख्या मंगरूळपीरात मेंदू म्हनून एकच चीज हाय, शेषराव, अन् ते माह्या टोपीखाली हाय. मले पाह्यलं का चोराच्या तोंडचं पानी पळते!"

कापडदुकानदार पदमचंदशेठ हे रोज सांगत. त्यांच्या माडीवर भाड्याने राहणारे शेषराव ते रोज ऐकत. पण १९७६ च्या त्या मार्चात वीजकचेरीतल्या या गरीब कारकुनाला खरोखरच गुप्तहेर हवा होता.

नागपूरच्या मोठ्या कचेरीतल्या नव्या संगणक-यंत्राला नकाशा दिसत नसे, सगळं लिहून द्यावं लागे. म्हणून शेषरावांनी शेजारच्या गावच्या नकाशाची यादी केली. आधी विहिरी एकाखाली एक, मग त्यांना वीज देणाऱ्या तारा: खांब सातवरून विहीर चारला. हुकूम आला, तार ओढली आणि ती पंचफुलाबाईच्या विहिरीऐवजी उकंडरावाच्या कोरड्या विहिरीवर जाऊन बसली. बाईची संत्र्याची झाडं माना टाकू लागली होती.

तपास हाती घेऊन शेठनी आधी उकंडरावालाच धरलं.

"मी काहून चोरू? इहिरीतल्या कबुतरायले पंखा लावू काय?" उकंडराव उखडला.

"मंग हे नागपूरचं कारस्थान!" शेठ म्हणाले. "त्यायले आपली संत्री डोळ्यात खुपून राह्यली."

शेषरावांनी कपाळाला हात लावला. शेळ्या घेऊन उभी असलेली पंचफुलाबाई म्हणाली, "यादी वाचा बरं, बाबू."

"एक, मारुतीची विहीर..."

"हे पयलेपासून होती?"

"नाही, राहून गेली होती. मागून वर घातली."

"मंग खालच्या साऱ्या एकेक घर सरकल्या. मी चौथी होती, आता पाचवी, अन् चौथा झाला उकंडराव. तारेचा आकडा बदलला?"

शेषरावांनी तारांची ओळ पाहिली: अजूनही 'विहीर चार'.

"माह्या शेळ्या मी नंबरानं नाई वळखत जी. मधात एक घुसली का सारा घोळ. रंगी कुठंबी उभी राहो, ते रंगीच. तारेपुढं नाव लिहा ना! अन् मारुतीले वर घालाले कोनं सांगतलं?"

शेषरावांनी शेठकडे पाहिलं. महिन्यापूर्वी कचेरीत चहा पिता पिता शेठच म्हणाले होते, "देवाले कोनी शेवटी लिहिते काय?"

शेठनी टोपी सारखी केली. "गुन्हेगार सापडला. पन त्याची अब्रू राखा लागते, नाव गुप्त ठेवू."

"ठेवा," पंचफुलाबाई म्हणाली, "पन बिजली येइस्तोर त्याले पानी शेंदाले लावा."

नवी यादी नागपूरला जाऊन यायला नऊ दिवस लागले. संत्री वाचली. शेठना मात्र पुढे आठवडाभर कापड मोजायला हात वर करता येईना.