दोन ‘पण’

केजच्या स्टँडवर वाघमारे सर डोळे मिटून “बाप हागो मूल, बाप हागो मूल” असं पुटपुटत उभे होते, तेव्हा वडगावच्या जीपवाल्यानं त्यांना अदबीनं सांगितलं, “सर, संडास तिकडं हाय, कँटीनच्या मागं.”

सरांनी डोळे उघडले. “कोरियन हाय ते. बाप म्हणजे भात, मूल म्हणजे पाणी. भात आणि पाणी. ‘हागो’ हे उभयान्वयी अव्यय हाय.”

“असंल, सर. पण शिटा भरल्यात. बसून घ्या, अव्यय घरी जाऊन करा.”

सगळी जीप हसली. मी शेजारीच होतो, हसलो नाही. सरांना हसायचा हक्क मी सहा वर्षांपूर्वी घालवला होता. ते तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, इथं सांगतो.

प्रल्हाद वाघमारे सरांनी युसूफ वडगावात तीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलं. मी त्याच शाळेत कारकून. शिकवण्यात त्यांचा खरा जीव एकाच गोष्टीवर, वाक्यं जोडणाऱ्या शब्दांवर. कुणी म्हणालं, “बाजारात गेलतो, मेथी न्हाई मिळाली,” की सरांचं बोट वर: “मधलं अव्यय कुठं हाय?” सरांच्या पत्नी, आमच्या बाई, वारल्या तेव्हा शेजारचे एक म्हातारे भेटायला आले. म्हणाले, “लई चांगल्या होत्या. गेल्या.” सर रडत होते. रडतारडताच त्यांनी बोट वर केलं. “चांगल्या होत्या आणि गेल्या, का चांगल्या होत्या पण गेल्या?” म्हातारे बिचारे चहा न घेताच उठले.

घरात मग सर एकटेच उरले. एकुलती एक लेक सुजाता कोरियात शिकायला गेलेली. बाईंच्या वर्षश्राद्धाला आली नाही, वर तिकडंच नोकरी धरते म्हणाली, तेव्हा सरांनी बोलणं सोडलं. तिचा फोन उचलेनात. म्हणून तिनं मला केला.

“मन्मथकाका, मी लग्न करतीय इथं. अप्पांना सांगा, तुमी पण या. माझ्याकडून दुसरं कुणीच न्हाई.”

मी ऑफिसातून उठून स्टाफरूममध्ये गेलो. सर पेपर तपासत होते.

“सर, सुजाताचा फोन आलता. लगीन करतीय तिकडं. तुमी पण...”

“पणबिण काय न्हाई,” सर कडाडले. “झालं ते वाक्य. पूर्णविराम.” आणि तांबडं पेन उचलून तरातरा वर्गावर गेले.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन उरलेले शब्द सांगायला हवे होते. गेलो नाही. सरांच्या आवाजाला मी पहिल्यापासून भीत आलो. आठवड्यानं सुजातानं विचारलं, “सांगितलं का, काका?” मी “सांगितलं” म्हणालो. ती “बरं” म्हणाली. ते “बरं” सहा वर्षं माझ्या कानात आहे.

पुढं तिला मुलगी झाली, तिनं फोटो पाठवला आणि बापलेकीचं बोलणं सुरू झालं. तब्येत, हवा, जेवण. लग्नाचा विषय दोघंही काढत नसत. का बोलावलं नाहीस, हे बापानं विचारलं नाही. का आला नाहीत, हे लेकीनं विचारलं नाही. मधे मी, तोंड शिवून.

नात चार वर्षांची झाली आणि फक्त कोरियन बोलायला लागली. सर फोनवर मराठीत “मीना, काय करतीस?” म्हणत आणि ती पोर आईकडं बघे. तेव्हा त्रेसष्टाव्या वर्षी सरांनी दोनशे पानी वही आणली. मोबाइलवर बघून शिकत आणि रोज चार वाजता आपल्या ओट्यावर मला शिकवत. वर्गात विद्यार्थी मी एकटा.

“‘जागो’ म्हणजे काय?”

“उठा.”

“चूक. झोपतो आणि. क्रियापदाच्या मागं ‘गो’ लागला की ‘आणि’ होतो.”

“मग नोकरीभर मी जागोच होतो, सर.”

“ते सगळ्या शाळेला म्हाईत हाय.”

गेल्या महिन्यातला धडा मात्र वेगळा निघाला. सर खुशीत होते. “मन्मथ, आपली मराठी लई फसवी बे. ‘मी पण येतो’ यातला पण जोडतो. ‘येतो, पण उशिरा’ यातला पण तोडतो. शब्द एकच. कोरियन माणसानं दोन ठेवलेत. जोडणारा ‘दो’, तोडणारा ‘जिमान’. घोळच न्हाई. दे एक वाक्य, सांगतो कोणता पण ते.”

मी हातातली बशी खाली ठेवली.

“तुमी पण,” मी म्हणालो.

“वाक्य अर्धं हाय. पुढं?”

“तुमी पण या. सुजातानं सांगितलं होतं, सर. लग्नाच्या वक्ताला. तुमच्याशिवाय तिच्याकडून कुणी नव्हतं.”

समोरच्या लिंबाखालची शेळी ओरडली.

“म्हणजे ‘दो’ होता,” सर म्हणाले.

“दो होता, सर.”

“मी जिमान ऐकला.”

ते उठून आत गेले. जुनी छडी आणतायत असं मला खरंच वाटलं, आणि बरंही वाटलं. त्यांनी आणला पासपोर्ट. फोटोत टाय बांधलेले सर. आतली पानं कोरी.

“सुजाता गेली त्याच साली काढला. बोलावणं आलं तर तयारी असावी म्हणून.”

“सर, माझ्यामुळं...”

“तू सहा वर्षं वाक्य गिळून बसलास, आणि त्या दिवशी तुझं तोंड मी दाबलं,” सर म्हणाले. “मधलं अव्यय ध्यानात घे. आणि. पण न्हाई.” मग फोटोचं पान चष्म्याजवळ धरून म्हणाले, “वर्षभर मुदत हाय अजून.”

छातीवरचं पोतं कुणी उतरवून घ्यावं तसं मला झालं. इतका मोकळा श्वास मी किती दिवसांनी घेतला, आठवत नाही.

सरांनी तिथंच फोन लावला. पडद्यावर मीना आली. सरांनी घसा साफ केला. “नादो गायो.”

पोर खदखदून हसली आणि आईला बोलवत पळाली. “गायो म्हणजे?” मी विचारलं.

“जातो. तिच्याकडं जायचं तरी ते लोक जातोच म्हणतेत. ‘नादो गायो’, मी पण येतो.”

सुजाता आली. “अप्पा, ही म्हणतीय तुमी येताय. कुठं येताय?”

सरांनी फोन माझ्या हातात दिला. “धर बे. वाक्य तुझं हाय, तूच पूर्ण कर.”

“सुजाता, मन्मथकाका बोलतोय,” मी म्हणालो. “त्या वक्ताला तुला सांगितलं म्हणालो, ते खोटं होतं. अप्पांना तुझं बोलावणं आज पोचलं. आणि...”

मी सरांकडं पाहिलं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता, तोंड लिंबाकडं फिरवलं होतं. बोट तेवढं वर होतं. या खेपेला चूक काढायला नव्हे, अव्यय बरोबर होतं म्हणून.