लतिकेचा गाल आणि पुतळ्याचं नाक

एका जंगलात, बाळांनो, सॉफ्टबॉल खेळायचे. हसू नका. तुमच्या शाळेत खेळतात ना, तसंच तिथंही खेळायचे. जांभळीच्या झाडांमागे एक मोकळं मैदान होतं. रोज सकाळी जंगलातली पोरंसोरं तिथं जमायची आणि ऊन चढेपर्यंत धुळीत लोळायची.

या खेळाच्या नावात 'सॉफ्ट' आहे. सॉफ्ट म्हणजे मऊ, हे तुम्हाला बाईंनी शिकवलंच असेल. पण चेंडू मऊ नव्हता. कवठाएवढा होता आणि कवठाइतकाच टणक होता. ज्यानं हे नाव ठेवलं, त्यानं तो चेंडू कधी तोंडावर घेतला नसावा.

चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. पिचर बॅट धरणाऱ्याच्या अगदी समोर उभा असतो, तोही बराच जवळ. त्या जंगलाच्या संघाची पिचर होती लतिका. वानराची पोर. लांब हात, बारीक अंग, आणि कान सतत टवकारलेले. हात खालून गर्रकन फिरवून ती असा चेंडू सोडायची, की बॅटवाल्याला तो दिसायचा तेव्हा मागच्यानं तो झेललेलाही असायचा.

संघाचे कोच होते रणधीर सर. जातीनं रानडुक्कर. त्यांचा एक सुळा अर्धा तुटलेला होता. लहानपणी चेंडू लागून तो तुटला, असं ते सांगत. खरं म्हणजे रताळी उकरताना तो दगडावर आपटला होता. पण सर शिकवायला लागले, तसा तो सुळा हळूहळू चेंडूनं तुटला.

एके दिवशी काय झालं, सोनुली नावाची सशाची पोर मैदानात उभी होती. जोरात मारलेला चेंडू जमिनीवर टप्पा खाऊन उसळला आणि थेट तिच्या तोंडावर बसला. पुढचे दोन्ही दात गेले. आता सशाचे पुढचे दात गेले म्हणजे काय, याचा तुम्हीच विचार करा. तिची आई बिचारी गवत चावून तिला भरवायला लागली.

"चालायचंच," रणधीर सर म्हणाले. "दात गेले, पण चेंडू अडवला ना पोरीनं!"

लतिकेची आई, द्वारकाबाई, झाडावरून हे बघत होती. घरी जाऊन तिनं ओल्या वेताच्या बारीक काड्या घेतल्या आणि एक जाळी विणायला बसली. कपाळापासून हनुवटीपर्यंत येईल अशी, डोळ्यांपुढे मोकळी, गालांपाशी घट्ट. बोटं सोलली, पण जाळी झाली. लतिकेनं ती तोंडावर बांधून पाहिली, मान इकडेतिकडे फिरवली, फांदीवर दोन कोलांट्या मारल्या.

"दिसतंय का गं?" आईनं विचारलं.

"सगळं दिसतंय. तुझं रडणंसुद्धा दिसतंय."

"मी कुठं रडतेय? वेताचा रस उडाला डोळ्यात."

दुसऱ्या दिवशी लतिका जाळी बांधून मैदानात आली. रणधीर सरांनी शिट्टी फुंकली, ती थांबवायचीच विसरले.

"हे काय तोंडाला? कोंबड्या झाकायची पाटी?"

"मास्क आहे सर. आईनं केलाय."

"काढ आधी. आमच्या वेळी होतं का असलं काही? आम्ही चेंडूच्या डोळ्याला डोळा भिडवायचो. समोरच्या संघानं बघितलं तर म्हणतील, रणधीरची पोरं घाबरट!"

द्वारकाबाई झाडावरून खाली उतरली. "सर, तुमच्या तोंडाला सुळे आहेत. माझ्या पोरीच्या तोंडाला गाल आहेत."

सरांना यावर काही सुचलं नाही. ज्याला काही सुचत नाही तो काय करतो, बाळांनो? तो प्रकरण वर पाठवतो. सरांनी ते क्रीडा मंडळाकडे पाठवलं.

मंडळाची बैठक मैदानाच्या कडेलाच, व्यासपीठावर भरली. अध्यक्ष होते भानुदासराव, गवा. मोठे वजनदार गृहस्थ. सामना सुरू असताना ते पहिल्या रांगेत बसून पोहे खात.

मोर म्हणाला, "तोंड झाकलं तर बक्षीस समारंभात फोटो कसा यायचा? आणि मुलांच्या चेहऱ्यावरचं ते तेज! ते जाळीआड गेलं, तर प्रेक्षकांनी बघायचं काय?"

मग कासव बोललं. "मी स्पष्ट बोलतो. मुलांना धोक्याशी सामना करायला शिकवलं पाहिजे. आजकालच्या पिढीला जराशी झळ सोसत नाही." तेवढ्यात सरावातला एक चेंडू गडगडत व्यासपीठाजवळ आला. कासवानं उरलेलं भाषण कवचाच्या आतून केलं. ते फारसं ऐकू आलं नाही, पण टाळ्या पडल्या.

द्वारकाबाईनं हात वर केला. "साहेब, तुमच्या या व्यासपीठापुढे एवढी उंच जाळी लावलीय, ती कशाला?"

"ती वेगळी," भानुदासराव म्हणाले. "मागच्या मोसमात चेंडू माझ्या पोह्यांत पडला होता. मान्यवरांना इजा झाली तर जंगलाचा कारभार कोण बघणार?"

"आणि पोरांना झाली तर?"

"बाई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. हा विषय अभ्यासाचा आहे. आपण अभ्यास समिती नेमू. तिचा निर्णय येईपर्यंत मास्क घालून कुणी खेळायचं नाही."

अभ्यास समितीवर मोर, कासव आणि रणधीर सर यांची निवड झाली. अभ्यास सुरू झाला.

तिकडे नदीपलीकडच्या जंगलाशी मोठा सामना ठरला होता. लतिका त्याची वर्षभर वाट बघत होती. सामन्याच्या सकाळी ती जाळी घेऊनच आली. सर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "बघ बाळ, तुझ्यासारखी पिचर या जंगलात झाली नाही. पण जाळी बांधणार असशील, तर मी मुंगसाच्या पोराला उभं करतो. तू ठरव."

लतिकेनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली, नको म्हणून. लतिकेनं मैदानाकडे पाहिलं. मुंगसाचा पोर हात झटकत तयार उभा होता. तिचे हातही शिवशिवायला लागले. तिनं जाळी आईच्या हातात दिली आणि आईच्या डोळ्यांकडे न बघता पळत सुटली.

काय टाकत होती ती त्या दिवशी! नदीपलीकडचे एकामागून एक बॅट टेकवून परत जात होते. मैदानातून 'लतिका, लतिका' असा एकच गजर चालला होता.

मग भागीरथी आली. अस्वलाची पोर. आडदांड अंगाची, पण स्वभावानं लाजाळू. तिनं डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू बरोबर बॅटच्या मध्यावर बसला आणि आला होता त्याच वाटेनं परत गेला. लतिकेचा हात अजून खालीच होता.

आवाज फार मोठा झाला नाही. ओली फांदी मोडावी तसा झाला.

भागीरथी बॅट टाकून धावली. "मी मुद्दाम नाही मारलं गं, मुद्दाम नाही मारलं," असं म्हणत ती लतिकेपेक्षा मोठ्यानं रडत होती. द्वारकाबाई पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. वैद्य बगळा आला, त्यानं लांब मान वाकवून पाहिलं. गालाचं हाड मोडलं होतं. डावा डोळा सुजून बंद झाला होता.

"हाड जुळेल," बगळा हळू आवाजात म्हणाला. "डोळ्याचं मात्र कठीण आहे. उजेड दिसेल. चेंडू दिसणार नाही."

लतिकेनं ते ऐकलं. तिनं फक्त एकच विचारलं, "आऊट झाली का ती?"

कारण चेंडू गालावर आपटून वर उडाला होता आणि सोनुलीनं तो झेलला होता. भागीरथी आऊट होती. सामना जिंकला होता.

या गोष्टीनं सगळं जंगल हेलावलं. सभा झाली. रणधीर सरांना बोलताना हुंदका आला. भानुदासरावांनी घोषणा केली, की अशा शूर कन्येचा पुतळा मैदानातच उभारला जाईल. द्वारकाबाई म्हणाली, "पुतळा नको, बाकीच्या पोरांना जाळ्या द्या." पण त्या वेळी टाळ्या चालू होत्या.

पुतळा काळ्या दगडाचा झाला. हात फिरवणारी लतिका, गाल गोल, दोन्ही डोळे उघडे, नाक सरळ. अनावरणाला खरी लतिका पहिल्या रांगेत होती, डोळ्याला पट्टी बांधून. तिनं स्वतःला खूप वेळ निरखलं.

पुढं काय झालं ते नीट ऐका. पुतळा मैदानातच होता, आणि मैदानात खेळ चालायचा. एका सकाळी कुणीतरी जोरात मारलेला चेंडू सुसाट आला आणि पुतळ्याचं नाक उडालं.

जंगलात हाहाकार झाला. भानुदासराव पोहे अर्धे टाकून धावत आले. मंडळाची तातडीची बैठक उभ्याउभ्याच झाली. अभ्यास समिती नेमली नाही. मोरानं फोटोचं नाव काढलं नाही. कासवही चक्क मान बाहेर काढून म्हणालं, "सुरक्षेशी तडजोड नाही!" सूर्य माथ्यावर यायच्या आत नियम झाला. भानुदासरावांनी तो मोठ्यानं सांगितला, "या मैदानात जो कुणी पुतळा उभा असेल, त्याच्या तोंडाला जाळी असलीच पाहिजे. ती काढणाऱ्याला कडक शिक्षा होईल." संध्याकाळपर्यंत पुतळ्याला नवं नाक बसलं आणि नाकापुढे सुरेख जाळी बसली.

लतिका तिथंच उभी होती. तिच्या हाताला धरून तिची धाकटी बहीण वेणू उभी होती. वेणू आता पिचर व्हायचं म्हणत होती.

"सर," लतिका म्हणाली, "मग आता वेणूलाही जाळी मिळेल ना?"

"अगं वेडे," रणधीर सर मायेनं म्हणाले, "पोरांची हाडं जुळतात. दगडाचं नाक पुन्हा उगवतं का?"

घरी जाताना लतिका सोनुलीकडे गेली, मुंगसाच्या पोराकडे गेली, सगळ्यांकडे गेली. द्वारकाबाईनं ओला वेत बाहेर काढला. या वेळी विणायला बाकीच्या आयाही आल्या.

सकाळी सर मैदानात आले तर सगळा संघ जागच्या जागी उभा. प्रत्येकाच्या तोंडाला जाळी. कुणी हात वर केलेला, कुणी वाकलेला. कुणी हलेना, कुणी बोलेना.

"हा काय चावटपणा आहे?" सर ओरडले. "काढा त्या जाळ्या!"

"काढू नका हं सर," कडेला बसलेली लतिका म्हणाली. "पुतळे आहेत ते. कडक शिक्षा आहे."

सरांनी पंचांना बोलावलं. पंच होते घुबड. दिवसा त्यांना दोन्ही बाजूंचं काहीच दिसत नसे, म्हणून ते निःपक्षपाती समजले जात. घुबडानं वेणूला पंखानं चाचपलं. वेणूनं श्वास रोखून धरला. तिच्या नाकाशी माशी बसली होती, तरी ती हलली नाही.

"हालचाल नाही," घुबड म्हणालं. "पुतळाच आहे. जाळी राहील."

"अहो, पण थोड्या वेळानं ही खेळायला लागतील!"

घुबडानं विचार केला. "पुतळ्यांनी खेळू नये असा नियम मंडळानं केलेला नाही. शिट्टी वाजवा."

सरांनी शिट्टी वाजवली. आणि पुतळे धावायला लागले! थोड्याच वेळात एक चेंडू उसळून सोनुलीच्या तोंडावर आला. 'टक्क' असा आवाज झाला. सोनुली क्षणभर गांगरली. मग दात नसलेलं तोंड उघडून ती जाळीआडून अशी हसली, की आख्खं मैदान हसलं.

लतिका हसली आणि एका डोळ्यानं रडलीही. तिला खेळायचं होतं, आणि ते आता होणार नव्हतं. द्वारकाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग लतिका उठली आणि ओरडली, "वेणू, मनगट सैल सोड! चेंडू शेवटी सोड!"

वर्ष संपताना भानुदासरावांनी भाषणात अभिमानानं सांगितलं, की आपल्या जंगलातले पुतळे सर्वांत सुरक्षित आहेत. मुलांच्या मास्कबद्दलचा अभ्यास अजून चालू आहे. घाईनं निर्णय घेणं मंडळाला पसंत नाही.

तात्पर्य : बाळांनो, हाडामांसाचं असणं फार वाईट. हाडं जुळतात, असं मोठ्यांना वाटतं. त्यांनी आपली काळजी घ्यावी असं वाटत असेल, तर आधी दगडाचे व्हा. तुम्ही शूर आहात असं कुणी म्हणायला लागलं, तर लगेच तोंड झाका.