पुढचा डावा पाय

खुर्चीला चार पाय असतात. त्यांपैकी तीन उपयोगाचे आणि एक शोभेचा, हे तत्त्व सर्वमान्य आहे. ते कोणी मान्य केले, हे विचारण्याची पद्धत नाही. सर्वमान्य गोष्टींचे तेच तर सुख असते. आपणही ते पाठ करून ठेवू, म्हणजे जुन्या शाळेचे हॉटेल कसे झाले हे समजायला सोपे जाईल.

शाळा शंभरी उलटलेली होती. मुले नव्या इमारतीत गेली आणि जुनी इमारत लगेच ऐतिहासिक झाली. (मुले असेपर्यंत ती नुसती गळकी होती.) एका हॉटेलमालकांनी ती घेतली. त्यांचा विचार उदात्त होता: ज्या वर्गातून पळून जाण्यासाठी माणसे लहानपणी धडपडली, त्याच वर्गात राहण्यासाठी त्यांनी मोठेपणी आगाऊ नोंदणी करावी. तिसरी ब जोडप्यांसाठी ठेवली, चित्रकलेच्या वर्गाचे उपाहारगृह झाले आणि मुख्याध्यापकांची खोली सर्वांत महाग ठरली. पूर्वी तिथे बोलावणे आले की पोटात गोळा यायचा. आता तो भाडे ऐकून येतो.

फर्निचर आणि दिवे घडवण्याचे काम ताईकडे आले. सुतारापासून मालकांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. आजवर तिने लोकांच्या स्वयंपाकघरातली कपाटे केली होती; हे पहिलेच मोठे काम. वारसा समितीने होकार दिला तर तिचे नाव होणार होते. नाही दिला, तर थोरल्या वहिनीच्या मैत्रिणींना मिक्सर कुठे ठेवायचा हे सांगत जन्म काढावा लागणार होता. वहिनीच्या मैत्रिणी पुष्कळ होत्या.

समितीची अट एकच होती: प्रत्येक वस्तू मुळाबरहुकूम हवी. मूळ म्हणावे असे शाळेत दोनच ऐवज सापडले. माळ्यावर एक खुर्ची आणि भिंतीवर शिक्षकवृंदाचा एक फोटो.

फोटोत छताला साखळीने टांगलेले दिवे होते. ताईने त्यांचे पितळ, काच, साखळी हुबेहूब उतरवली. मग उजेडाचा प्रश्न आला. फोटोत सगळेच तपकिरी होते: भिंती, फळा, माणसे, मुख्याध्यापकांचे दात. त्यावरून त्या काळी उजेड तपकिरी असे, हे सिद्ध होत होते.

"ताई, फोटो जुना झालाय म्हणून तसा दिसतोय," वायरमन म्हणाला.

"जुना आहे म्हणून तर तो पुरावा आहे," ताई म्हणाली.

काचांवर थर चढवून चढवून अखेर तो रंग साधला. त्या उजेडाचे फायदे पुढीलप्रमाणे नोंदवले गेले: (अ) भिंतीची ओल दिसत नाही, (आ) मेन्यू वाचता येत नसल्यामुळे पाहुणे वेटरवर विश्वास ठेवायला शिकतात, (इ) आरशात प्रत्येकाला स्वतःच्या जागी आजोबा दिसतात, त्यामुळे वडीलधाऱ्यांविषयीचा आदर वाढतो.

ताईचे बाबा येऊन पाहून गेले. "चांगला उजेड पाडलास हो पोरी," ते म्हणाले. हे कौतुक होते की टोमणा, ते चेहऱ्यावरून कळले असते. पण चेहरा दिसत नव्हता.

मग खुर्ची. तशा साठ करायच्या होत्या. सुताराने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"हिचा पुढचा डावा पाय आखूड आहे, ताई. चांगला बोटभर."

"आखूड नाही, ती घडण आहे."

"बसलं की पुढे झुकते."

"शिक्षकाची खुर्ची आहे. विद्यार्थ्यांकडे झुकणारच."

सुताराला हे मनापासून पटले. ज्या चुकीसाठी आयुष्यभर बोलणी खाल्ली, तीच करण्याची ऑर्डर त्याला पहिल्यांदा मिळत होती. "साठच्या साठ आखूड करतो," तो म्हणाला, "एक जरी सरळ निघाली तर नाव लावणार नाही."

एकही निघाली नाही.

समिती येणार त्या दिवशी सकाळीच ताईची आत्या हॉटेल पाहायला आली. तिने उभी हयात याच शाळेत गणित शिकवले होते. माळ्यावरची मूळ खुर्ची दिसताच तिने वाकून पाय चाचपला आणि हसत सुटली.

"अगं, ही तर माझी! सातवीच्या कार्ट्यांनी करवतीने पाय कापला होता हिचा. मी बसले की मान हलायची. मग एकजण विचारायचा, 'बाई, उद्या सुट्टी ना?' माझी मान हलली की वर्ग टाळ्या पिटायचा."

"आत्या, मी अशा साठ केल्यात गं."

"साठ? एवढी तर वर्गात मुलं नव्हती!"

ताईच्या पायाखालची जमीन सरकली. (ती तेवढी समतल होती.) लपवून मिळवलेल्या नावापेक्षा वहिनीच्या मैत्रिणी परवडल्या, असे ठरवून ती समितीसमोर जाऊन उभी राहिली.

समिती नुकतीच बसली होती. सात तज्ज्ञ, सात खुर्च्या. कोणी चष्मा पुसला, कोणी पाय हलवला, आणि सातही माना डोलू लागल्या. आपली का डोलते, हे कोणालाच उमगले नाही. पण बाकीच्यांच्या डोलताना पाहून प्रत्येकाला वाटले, इथे कशावर तरी एकमत झालेले दिसते. चिटणीस तेवढे उभ्याने लिहीत होते.

"एक सांगायचंय," ताई म्हणाली. "ही घडण मूळची नाही. पोरांनी पाय कापला होता. मी विचारलं नाही कोणाला. चूक माझी आहे."

सात माना हलल्या. 'चुकीबाबत एकमत,' चिटणिसांनी लिहिले.

"म्हणजे सगळ्या खुर्च्या बाद?"

माना हलल्या. 'बाद करण्याबाबत एकमत.'

ताईने डोळे मिटले. तेवढ्यात मालक लगबगीने पुढे झाले. "पण विद्यार्थ्यांच्या हातची कारागिरी म्हणून मंजूर करायला हवी ना, साहेब?"

अध्यक्षांना यावर काही बोलायचे होते, असे म्हणतात. पण ते बोलायला पुढे सरकले आणि त्यांच्या वतीने खुर्चीने होकार दिला. 'मंजुरीबाबत एकमत,' चिटणिसांनी लिहिले. दोन एकमतांत विरोध आल्यास शेवटचे ग्राह्य धरतात.

"आणि उद्या सुट्टी ना?" मागून आत्याने विचारले.

दुसऱ्या दिवशी समितीचे कार्यालय बंद होते.

आता प्रत्येक खुर्चीवर 'विद्यार्थी-सहभागातून साकारलेली रचना' अशी पितळी पट्टी आहे, आणि ताईचे नाव झाले आहे. बँका, महाविद्यालये, गृहनिर्माण संस्था यांच्याकडून मागणी आहे. एका सासूबाईंनीही सहा नेल्या. ताई प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे सांगते, "पाय चुकून आखूड झालाय, सरळ करून देऊ?" सगळे घाईघाईने नको म्हणतात. अट एकच असते: ज्याने प्रश्न विचारायचा, त्याची तेवढी सरळ हवी.

आता धड्याची उजळणी. खुर्चीला चार पाय असतात. त्यांपैकी तीन उपयोगाचे आणि एक शोभेचा, असे सुरुवातीला सांगितले तेव्हा तुम्ही मान डोलावली होती. पटले म्हणून डोलावली असेल, तर प्रश्नच मिटला. तसे नसेल, तर जरा उठा, खाली वाका आणि आपल्या खुर्चीचा पुढचा डावा पाय बघा.